पाखरांच्या घरी कोण काय करतं

गुजरातेत काही भागांत नवं लग्न झालेल्या जोडप्याला शेतावर नेऊन सारसाची जोडी दाखवायची जुनी रीत आहे. आपल्याकडे सप्तपदी झाली की भटजी अरुंधतीचा तारा दाखवतात, तसंच. फरक एवढाच की मांडवाच्या कापडातून अरुंधती कोणालाच दिसत नाही, सगळे नुसत्या माना डोलावतात. सारस मात्र लपून लपणार कुठे? उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच, मान ताठ केली की जवळजवळ सहा फूट. राखाडी अंग, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक. बडोद्याहून तारापूर-मातरच्या बाजूला गेलं की भाताच्या खाचरांत ही जोडी हमखास उभी असते. मध्येच दोघं चोची आभाळाकडे करतात आणि एकदम ओरडायला लागतात. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन. (हे सांगितलं की आमच्याकडचे पुरुष एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडे.) एकदा जमलेली जोडी सहसा जन्मभर टिकते. एक मेला तर दुसरा झुरून मरतो, असंही सांगतात. ते माणसांनी जोडलेलं शेपूट.

मागे घरात एक केळवण होतं. मुलगी मराठी, मुलगा गुजराती, दोघं बडोद्याचेच. कोणीतरी सारसाचा विषय काढला आणि माझी जीभ खाजली. म्हटलं, सारसांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या भारतीय संशोधकांनी २०२२ साली 'इकॉलॉजी' या नियतकालिकात एक निबंध छापलाय. साडेअकरा हजारांवर नोंदी चाळल्यावर त्यांना १९३ ठिकाणी सारस दोघं नव्हे, तिघं एकत्र राहताना सापडले. कुठे दोन माद्या आणि एक नर, कुठे दोन नर आणि एक मादी. तिघं मिळून हद्द राखतात आणि गातातही तिघं, सुरात सूर मिळवून. जिथे पाणथळ कमी, खायची ओढाताण, पिल्लू वाढवणं दोघांच्या आवाक्याबाहेरचं, अशा जागी ही व्यवस्था जास्त करून दिसते. म्हणजे सगळा हिशेब हातांचा आहे.

पानावर बसलेली मंडळी गप्प झाली. होणाऱ्या व्याह्यांनी श्रीखंडाकडे लक्ष वळवलं. फक्त मावशींनी विचारलं, "शेकडा किती पडले?"

मावशी म्हणजे ह्यांची मावशी. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही. का केलं नाही ते बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांनी त्यांना आळीपाळीने विचारून झालंय. शेकडा दोनाच्या आत, मी सांगितलं. "मग व्याह्यांना एवढं घाबरायचं कारण नाही," त्या म्हणाल्या आणि मठ्ठा मागितला.

त्या दिवसापासून आम्हा दोघींना हा नाद लागला: पाखरांच्या घरी कोण काय करतं, ते बघायचं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक काका रोज सकाळी हंसांची जोडी पाठवतात, मानांचा बदाम केलेली, खाली 'पक्ष्यांकडून शिका' असं काहीतरी. शिकायला हरकत नाही, पण कोणत्या पक्ष्याकडून? जगात पक्ष्यांच्या अकरा हजारांच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या तेराशेंहून जास्त भारतात. डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञाने १९६८ साली हिशेब मांडला होता की दहातल्या नऊ जाती जोडीने संसार करतात. सस्तन प्राण्यांत असं फार थोडे करतात, त्यामुळे सगळ्यांना पक्ष्यांचं भारी कौतुक वाटलं. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस पक्ष्यांच्या डीएनए चाचण्या व्हायला लागल्या आणि घरट्यातली सगळी पिल्लं घरमालकाचीच असतील याची खात्री उरली नाही. जोडी खरी, घर खरं, दोघं मिळून चारा भरवतात तेही खरं. बाकीचं ज्याचं त्याला ठाऊक.

पण उरलेल्या दहाव्यातच खरी गंमत आहे. त्यातला एक मासला पाहायला डभोई रस्त्याच्या आतल्या अंगाला एका गावतळ्यावर गेलो. गणपती विसर्जन उरकलेलं, ऊन तापायला लागलेलं, तळ्यावर शिंगाड्याच्या वेलीचा गालिचा. मावशींसाठी घडीची खुर्ची नेली होती, ती काठाच्या चिखलात एका बाजूने खचली. त्या तशाच तिरप्या बसल्या आणि दुर्बीण मागून घेतली.

कमळपक्षी शोधावा लागत नाही. कांस्यपंखी कमळपक्षी नावाप्रमाणेच, पाठ-पंख काशाच्या रंगाचे, बाकी अंग काळपट, त्यावर हिरवी झाक, डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी पट्टी. पायाची बोटं आणि नखं इतकी लांब की वजन चारी दिशांना वाटलं जातं आणि पक्षी तरंगत्या पानांवर खुशाल चालतो. एक पक्षी आमच्यापासून फार तर वीस-पंचवीस पावलांवर पानं उलटीपालटी करत होता आणि त्याच्या मागेपुढे चार पिल्लं. पिल्लांची बोटं तर आणखीच अजब, अंग एवढंसं आणि पाय कोणा दुसऱ्याचे. तेवढ्यात घारीची सावली तळ्यावरून सरकली. पक्ष्याने पंख किंचित उचलले, पिल्लं धावत येऊन खाली शिरली, त्याने पंख मिटले आणि चालायला लागला. आता त्याच्या दोन्ही काखांतून पिल्लांचे पाय लोंबत होते. एका पक्ष्याला दहा पाय, त्यातले दोनच जमिनीवर, तेही पाण्यावर.

"किती जपते गं," मावशी म्हणाल्या.

"जपतो. बाप आहे तो."

दुर्बीण खाली आली. "आणि बाई?"

बाई तळ्याच्या पलीकडच्या टोकाला होती. नरापेक्षा अंगाने चांगली थोराड, आणि दुसऱ्या एका मादीला हाकलून लावण्यात गुंतलेली. कमळपक्ष्यांत तळ्याची वाटणी अशी असते: मादीचा इलाखा मोठा, त्याच्या पोटात एक, दोन, कधी चार नरांचे छोटे इलाखे. ती एका नराच्या घरट्यात चार अंडी घालते, तपकिरी, त्यांच्यावर काळ्या रेघांचं असं गिचमिड की पोराने नवं पेन चालतंय का ते तपासून पाहावं. मग ती पुढच्या नराकडे जाते. साधारण चार आठवडे अंडी उबवायची, नंतर पिल्लं सांभाळायची, काखेत घालून हिंडवायची, हे सगळं नराकडे. तिचं काम हद्द राखायचं, आणि ते काही हलकं नाही. नर एकमेकांवर कुरकुरतातही. ती एकाकडे असली की दुसरा आपल्या हद्दीतून ओरडून ओरडून तिला बोलावतो.

तळ्यात ट्यूबवर बसून एक जण शिंगाड्याची वेल चाळत होता. आमच्या बोलण्याकडे त्याचं लक्ष असावं. काठाशी येऊन म्हणाला, "बेन, अहियां ईंडां बहु होय छे, अमे हाथ नथी लगाडता." अंडी खूप असतात इथे, आम्ही हात लावत नाही. मावशींनी त्याला फर्ड्या गुजरातीत विचारलं की उबवायला कोण बसतं, नर की मादी? तो म्हणाला, जो बसतो तो बसतो, आपण कशाला विचारायचं. सगळ्या दिवसात शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य झालं, असं मावशींचं म्हणणं.

परतीच्या वाटेवर डभोईत चहाला थांबलो. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या लहानपणी आमचे अण्णा म्हणायचे, मुलं बघणं हे बाईच्या जातीत निसर्गानेच घातलंय. त्यांना या तळ्यावर आणायला हवं होतं." मी म्हटलं, उद्या कोणी कमळपक्ष्याचा दाखला देऊन बायकांनी चार-चार नवरे करावेत म्हणेल. "म्हणू दे. तोही गाढवच." निसर्गाचा दाखला देऊन कोणी घरातलं काम कोणाच्या गळ्यात मारायला लागलं की मला आता त्या गिचमिड अंड्यांची आठवण येते. या प्रश्नावर निसर्गाची बाजू एकच नाही, आणि ज्याला जी हवी ती तिथे मिळते.

आणि एवढ्या लांब जायची गरजही नाही. आमच्या वाघोडिया रोडच्या फ्लॅटमध्ये एसीच्या बाहेरच्या डब्यामागे कबुतरांनी घर केलं होतं. कबुतरांची वकिली मी करत नाही. विष्ठेचा त्रास खरा आहे, त्या वासाने माझं डोकं उठतं. जाळीवाल्याला फोनही करून झाला होता. पण तो येईपर्यंत अंडी पडली, दोन, पांढरीशुभ्र, चार काटक्यांवर. मग काय, थांबलो. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला नर यायचा, थोडी घुटूरघूं व्हायची, मादी उठायची आणि हा अंड्यांवर बसायचा तो दुपार कलेपर्यंत. उरलेली दुपार आणि अख्खी रात्र तिची. सतरा-अठरा दिवसांनी पिल्लं बाहेर आली, पिवळी लव, डोळे मिटलेले, चोच तोंडापेक्षा मोठी. दिसायला अगदी भीषण. पिल्लू आपली चोच आईच्या तोंडात खुपसायचं, आईच्या गळ्याला उमाळे यायचे. मग बाप आला की बापाच्या तोंडात खुपसायचं, आणि बापाच्या गळ्यालाही तसेच उमाळे.

ते दूध असतं. गाई-म्हशीचं असतं तसं नव्हे. गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीचं अस्तर फुगतं, त्यातल्या पेशी सुटतात आणि दाट, पिवळसर, स्निग्धांश आणि प्रथिनांनी भरलेला द्रव तयार होतो. तो सुरू होतो प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे, म्हणजे बाळंतिणीला जे पान्हा आणतं त्याच संप्रेरकामुळे. आणि नर-मादी दोघांच्याही गळ्यात तो तयार होतो. पिल्लांचे पहिले काही दिवस दुसरं काही पोटात जातच नाही. कबुतराचा बाप पोरांना पाजतो, असं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला, बाल्कनीकडे बघितलं आणि पुन्हा पेपर वर केला. पिल्लं उडाली, जाळी बसली. आता ती वरच्या मजल्यावरच्यांकडे असतात.

अशी पाजणारी जमात छोटी आहे. कबुतरं-पारवे एक. दुसरे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात बदकं आणि राजहंसांच्या जोडीला रोहितही उतरतात. सयाजीरावांच्या काळात, १९०९-१० साली, सिंचनासाठी बांधलेला हा तलाव; २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रोहितांचं दूध तांबडं असतं, कारण ज्या रंगद्रव्याने पिसं गुलाबी होतात तेच त्यात उतरतं. पिल्लं वाढेपर्यंत आई-बाप दोघं फिके पडत जातात. अर्थात हे वढवाण्याला बघायला मिळत नाही, विणीला ते कच्छच्या रणाकडे जातात.

आणि तिसरा थेट अंटार्क्टिकातला, सम्राट पेंग्विन. मादी एक अंडं घालते, ते नराच्या पावलांवर सरकवते आणि समुद्राकडे निघून जाते. पुढचे दोन महिने, ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, नर अंडं पायावर घेऊन पोटाच्या घडीखाली झाकून उभा. खाणं बंद. मादी जुळवायला आला तेव्हापासून मोजलं तर जवळजवळ चार महिन्यांचा कडकडीत उपास, वजन निम्म्यावर यायची वेळ. एवढं करून पिल्लू निघालं आणि आई अजून पोचली नसली, तर हा उपाशी बाप गळ्यातून दुधासारखा द्रव काढून त्याला भरवतो. काही दिवस ढकलण्यापुरता.

आता याच्या उलट टोक. उन्हाळ्यात कमाटी बागेत आणि शहरातल्या जुन्या झाडांवर राखी धनेश दिसतात. एप्रिलच्या सुमाराला मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. फट उरते ती चोच जाईल एवढीच. नर वडा-पिंपळाची, उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि फटीतून एकेक देतो: मान झटकली की एक फळ चोचीच्या टोकावर, ते आत गेलं की पुन्हा झटका, दुसरं. मावशी रोज सकाळी बागेत फिरायला जातात, त्या एका बाकावरून हे बोटांवर मोजत होत्या. शेजारी बसलेल्या एका बाईंनी हात जोडले, म्हणाल्या, केवढी ही पतिव्रता, बाहेर पाऊल नाही! त्यांच्या कॉलेजातल्या नातीने नाक मुरडलं: कोंडून ठेवलंय तिला, आज्जी.

दोघींनाही भिंत बाहेरून दिसत होती. ती भिंत मादी आतून बांधते. नर माती आणून देतो, पण थापते ती, बहुतेक स्वतःच्याच विष्ठेने. साप आणि दुसऱ्या भुकेल्यांपासून बचाव होतो. आत असताना उडायची पिसं झडून नवी येतात, उबवता उबवता तेही काम उरकतं. बाहेर यायची वेळ झाली की भिंत फोडते तीच. बाहेरच्या नराला काही झालं तर मात्र आतल्यांचं कठीण. म्हणून जंगलातल्या मोठ्या धनेशांच्या शिकारीत एक नर पडला की अख्खं घर जातं.

सातभाईंबद्दल सांगायलाच नको, दांडिया बाजारच्या मागच्या अंगणात त्यांचा दिवसभर कलकलाट. भाई म्हणायचं खरं, पण त्यात बहिणीही असतात. घोळक्यात वीण सहसा एकाच जोडीची. बाकीचे काका, मोठे भाऊ, राहून गेलेल्या बहिणी, सगळे किडे आणून त्या पिल्लांना भरवतात, पहारा देतात, मांजर आलं की मिळून अंगावर जातात. स्वतःची अंडी नसलेल्या अशा पक्ष्यांना अभ्यासक मदतनीस म्हणतात, हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी भाच्यांना, म्हणजे ह्यांना आणि ह्यांच्या भावाला, दहावीपर्यंत स्वयंपाकघरात बसवून गणित शिकवलंय. आई नोकरीवर असताना जेवूही तेच घर घालत होतं. त्या म्हणाल्या, "मदतनीस! म्हणजे बिनपगारी." आणि पोळीचा चुरा अंगणात टाकला.

या भरल्या घराचा फायदा घेतो तो चातक. आपल्या कवींनी त्याला फक्त पावसाचा थेंब पिणारा मानी पक्षी करून ठेवलाय. तो पावसाच्या पुढे आफ्रिकेतून येतो हे खरंच थोर आहे, समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्याबरोबर. पण येऊन काय करतो? मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून जाते, निळं, त्यांच्याच अंड्यांच्या रंगाचं. निदान त्याचं पिल्लू घरमालकाची पिल्लं ढकलून देत नाही, त्यांच्याबरोबर वाढतं, सात जणांच्या हातून खातं. मला यात चातकाची बदनामी वाटत नाही. मानी आणि लबाड एकाच घरात नांदलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आई-बाप दोन्ही नको असंही एक घर आहे. ऑस्ट्रेलियातला मॅली फाउल नावाचा पक्षी, कोंबडीहून थोडा मोठा. नर पाल्यापाचोळ्याचा आणि वाळूचा ढीग रचतो, मादी त्यात अंडी पुरते, आणि पाला कुजून जी ऊब निघते तिच्यावर अंडी वाढतात. नर महिनोन् महिने त्या ढिगात चोच खुपसून गरमी तपासतो, वाळू काढतो, घालतो, ३३-३४ अंशांच्या आसपास धरून ठेवतो. एवढी मेहनत! आणि मग पिल्लू बाहेर येतं, वाळूतून स्वतःच वर निघतं आणि चालायला लागतं. बाप शेजारीच ढीग उकरत असला तरी दोघांची ओळखदेख नाही. हे ऐकून मावशींना मात्र वाईट वाटलं. कमळपक्ष्याच्या मादीचं नाही वाटलं, याचं वाटलं.

मग त्यांना मी अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं सांगितलं. हवाईत ओआहू बेटाच्या टोकावर लेसन अल्बाट्रॉसची एक वसाहत आहे. तिथे माद्या जास्त, नर कमी. २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात तिथल्या जोड्यांपैकी ३१ टक्के जोड्या दोन माद्यांच्या निघाल्या. अंडं घालतात, आळीपाळीने उबवतात, पिल्लू वाढवतात. नर-मादीच्या जोडीएवढी पिल्लं जगत नाहीत, पण एकटीने काहीच जमलं नसतं त्यापेक्षा कितीतरी बरं.

याच जातीची एक मादी पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर आहे. विस्डम म्हणतात तिला. तिच्या पायात ओळखीसाठी पहिलं कडं १९५६ साली घातलं, तेव्हा ती अंड्यावर बसली होती.

मावशींनी चष्मा लावला. "अंड्यावर, म्हणजे वयात आलेली. कितव्या वर्षी येतात?"

पाचाच्या आधी नाहीच.

"म्हणजे १९५१चा जन्म, किमान. माझ्याहून मोठी."

तिचा जुना जोडीदार काही हंगाम दिसला नाही. २०२४च्या नोव्हेंबरअखेरीस ती नव्या जोडीदाराबरोबर दिसली आणि तिने अंडं घातलं. जानेवारी २०२५ संपता संपता पिल्लू निघालं. अंडं घातल्यावर या जातीची मादी समुद्रावर चरायला जाते आणि पहिली लांब पाळी नराची असते, तीनेक आठवड्यांची.

मावशींनी मनातल्या मनात वजाबाकी पुन्हा एकदा केली, ती चुकली नव्हती. मग विचारलं, "आणि हा नवा? तो किती वर्षांचा?"